आजोबांचा फोटो छापा, पण आधी पाठीमागची ओळ वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या (७ डिसेंबर) पुरवणीसाठी आपण वाचकांकडून लष्करात असलेल्या आजोबांचे जुने फोटो मागवले आहेत. मराठवाड्यात अशी पुरवणी निघायलाच हवी होती. पण आवाहनात फोटो, नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक एवढेच मागितले आहे. एवढ्यावर पान लावले तर खाकीतले पन्नास चेहरे छापले जातील आणि पन्नासांखाली 'यांनी देशाची सेवा केली' ही एकच ओळ राहील. फोटो भिंतीवर साठ-सत्तर वर्षे टिकतो. नंबर, पलटण आणि साल या तीन गोष्टी मात्र आजी किंवा थोरली आत्या गेली की घरातून जातात, आणि त्या नसल्या की कोणत्याही कचेरीत माग लागत नाही. म्हणून जुने फोटो आणि लष्करी कागद हाताळणारे आम्ही काही जण हे लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. तपशील गाळून ते आखूड करता आले असते, पण मग ते कोणाच्या कामाला आले नसते.

आधी आपल्या भागाची खास अडचण. सातारा-सांगलीकडे आजोबा 'लष्करात होते' म्हटले की भागते. आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते, त्यामुळे 'कोणाच्या लष्करात' हा पहिला प्रश्न. कोणी पुण्याला किंवा बेळगावला जाऊन इंग्रजांच्या हिंदी फौजेत नाव घातले, कोणी हैद्राबादला जाऊन संस्थानी फौजेत. कपडे खाकीच, हुद्देही बरेचसे तेच, म्हणून फोटोवरून पटकन कळत नाही. त्यात 'हैद्राबाद' या नावाने घोटाळा वाढतो. औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद (म्हणजे आजचे अंबाजोगाई) इथे ज्या जुन्या छावण्या होत्या, त्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैद्राबाद कंटिंजंटच्या. ही फौज १९०३ मध्ये हिंदी फौजेत मिसळली, तिच्या पायदळाचे १९२२ मध्ये १९ वे हैद्राबाद रेजिमेंट झाले आणि १९४५ मध्ये त्याच रेजिमेंटला कुमाऊँ हे नाव मिळाले. म्हणजे कागदावर 'हैद्राबाद रेजिमेंट' असेल तर ती निजामाची फौज नव्हे. त्याची विचारणा उत्तराखंडात राणीखेतला, कुमाऊँच्या अभिलेख कार्यालयात करायची. उलट 'हैद्राबाद इन्फन्ट्री' किंवा 'हैद्राबाद लान्सर्स' असेल तर ती संस्थानी फौज. तिच्यातली १ हैद्राबाद इन्फन्ट्री डिसेंबर १९४१ मध्ये मलायात कोटा भारूला होती. त्यामुळे 'आबा निजामाच्या फौजेत होते आन् जपान्याच्या कैदेत पडले' असे कोणी सांगितले तर ती बात म्हणून झटकू नये.

संस्थानी फौजेची नोकरी पोलीस अ‍ॅक्शननंतर पुष्कळ घरांनी बोलण्यातून काढून टाकली. आमच्या मते ती त्या काळी ज्वारीच्या दोन पोत्यांसाठी धरलेली वाट होती, आणि आपल्या पुरवणीने अशा आजोबांनाही जागा द्यावी. त्यांचे कागद उर्दूत असतात आणि तारखा फसली सनात, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली सनात. फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू होते. आजूर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी सनात ५९० मिळवावेत, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. 'दै १३५० फसली' म्हणजे नोव्हेंबर १९४०. हिजरी सन वेगळा, तो फसलीच्या नऊ-दहा वर्षे पुढे चालतो. कागदावर दोन्ही सन असतील आणि वाचणाऱ्याने त्यांची अदलाबदल केली तर आजोबांची भरती दहा वर्षे सरकते, आणि मग 'भरतीच्या वेळी वय आठ' असले हिशेब निघतात. जमिनीचे जुने उर्दू कागद वाचणारी माणसे अजून तालुक्याच्या कोर्टाभोवती भेटतात. त्यांच्याकडून अर्थ विचारून न थांबता अक्षरशः नक्कल लिहून घ्यावी.

जिल्ह्याच्या नावानेही शोध चुकतो. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्याआधीच्या कागदात तो भाग उस्मानाबादेत आहे. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. इंग्रजी कागदांत बीडचे स्पेलिंग जुन्या पद्धतीने 'भीर' असे सापडते. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही आजची नावे जुन्या नोंदीत सहसा मिळणार नाहीत. म्हणून अर्जात गाव, त्या काळचा तालुका आणि त्या काळचा जिल्हा असे तिन्ही लिहावे.

आता फोटोची पाठ. फ्रेम उघडायच्या आधी मागचा पुठ्ठा, त्यावरचे फ्रेमवाल्याचे लेबल आणि खिळ्यांची मांडणी यांचा मोबाइलवर फोटो काढावा. मग खिळे पकडीने सरळ वर उपसून पुठ्ठा काढावा. पाठीवर तीन गोष्टी शोधायच्या: स्टुडिओचा शिक्का, हाताने लिहिलेला मजकूर आणि कागदाच्या कंपनीचे नाव. बेळगाव, पुणे कॅम्प, सागर, जबलपूर असा स्टुडिओचा पत्ता मिळाला की अर्धे काम झाले, कारण रंगरूट प्रशिक्षण संपल्यावर पहिला फोटो सेंटरच्या आसपासच काढत. कागदावर 'अ‍ॅग्फा-गेव्हर्ट' असे जोडनाव छापलेले असेल तर तो फोटो १९६४ नंतरचा, कारण या दोन कंपन्या त्या वर्षी एक झाल्या. पेन्सिलीचे पुसट अक्षर सरळ उजेडात दिसत नाही. खोली अंधारी करून टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरावा, दाबाच्या रेषा उठून दिसतात. शाई उडाली असेल तर पाठ रंगीत स्कॅन करून मोबाइलवरच्या साध्या एडिटरात फक्त निळा भाग ठेवावा. पिवळ्या पडलेल्या कागदावरची तपकिरी शाई त्यात गडद होते.

हाताने लिहिलेल्या ओळीत सर्वांत जास्त चुकीचे वाचले जाते ते '३/५ एम.एल.आय.' यासारखे. घरचे लोक ती ५ मार्च किंवा ३ मे अशी तारीख समजतात. ती पलटण आहे: पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. हा ५ चा आकडा १९२२ च्या फेररचनेत आला आणि १९४० च्या दशकात गेला, म्हणजे असा तिरपा आकडा फोटोचा काळही सांगतो. नुसते '१०५' किंवा '११७ मराठा' असेल तर गोष्ट १९२२ च्या आधीची, बहुधा पणजोबांची. तोंडी नावांचेही असेच. 'आमचे तात्या काळी पाचवीत होते' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाचवी बटालियन असते. काळी पाचवी हे दुसऱ्या बटालियनचे नाव, आणि जंगी पलटण पहिलीचे.

ग्रुप फोटो असेल तर खालच्या पांढऱ्या पट्टीवर हात ठेवू नका आणि ठेवूही देऊ नका. 'बसलेले डावीकडून उजवीकडे' अशी नावांची, कंपनीची आणि तारखेची ओळ त्या पट्टीत असते, आणि फ्रेमवाला मोजमापात बसवण्यासाठी पहिली कात्री तिथेच चालवतो. या भागात जेवढे ग्रुप फोटो पाहण्यात आहेत, त्यांतल्या बऱ्याच फोटोंची पट्टी गेलेली आहे. फ्रेम मोठी करून घ्यावी. दोन-तीनशे रुपयांचा फरक पडतो.

फोटोच्या पुढच्या बाजूवर जो तो पदके मोजत बसतो. आधी बटणे पाहावीत. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि पदकांच्या फिती डाव्या छातीवर असतात. दोन्ही उलटे दिसत असेल तर निगेटिव्ह पालथी ठेवून छापली आहे. मग टोपीवरचे अक्षरही आरशात वाचावे लागते. बिल्ल्यावर किंवा बटणावर मुकुट असेल तर फोटो २६ जानेवारी १९५० च्या आधीचा, किंवा नवे बिल्ले पोचेपर्यंतच्या वर्षभरातला. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यात बिगुल ओळखू येतो. महार रेजिमेंटचा बिल्ला तर सालाच्या कामाचा आहे. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात रेजिमेंट उभे राहिले तेव्हा बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. रेजिमेंट मशीनगनचे झाल्यावर तिरप्या दोन व्हिकर्स गन आणि वर स्तंभ असा बिल्ला आला, आणि पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. भिंगाखाली स्तंभ दिसला तर फोटो रेजिमेंटच्या पहिल्या काही वर्षांतला समजावा. पहिल्या महायुद्धातली १११ महार ही पलटण वेगळी. ती १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. पणजोबांची १११ आणि आजोबांचे महार रेजिमेंट एक धरू नये.

बाहीवरची व्ही-आकाराची फीत एक असेल तर लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. कागदात 'जमादार' असेल तर तो १९६५ च्या आधीचा, कारण त्या वर्षी या पदाचे नाव नायब सुभेदार झाले.

पदकांच्या फितींवरून काळ ठरवता येतो, पण रंगाचा भरवसा धरू नये. खूप जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नसे; लाल काळा येई आणि निळा पांढरट. त्यामुळे बर्मा स्टारच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीच्या पदकाच्या) फितीतला मधला लाल पट्टा फोटोत सर्वांत काळा आणि कडेचा निळा फिका दिसतो, आणि लोक भलतेच पदक लिहितात. स्टुडिओत हाताने रंगवलेल्या फोटोतल्या फिती तर रंगाऱ्याच्या मनावर असत. खरी पदके घरात असतील तर त्यांची कड पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर आणि स्वतंत्र भारताच्या पदकांवर कडेला बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव कोरलेले असते. ते ब्रासोने घासू नये, दरवर्षी घासलेल्या पदकाचे नावच आधी झिजते. १९१४-१८ च्या युद्धाचे इंग्रजांचे पांढरे पदक बहुतांशी चांदीचे असल्यामुळे कित्येक सोनाराच्या मुशीत गेली. ज्यांच्याकडे आहे त्यांनी निदान कडेचा फोटो काढून ठेवावा.

पुरवणीत 'सन ७१ च्या लढाईत लढले' असे लिहिण्याआधी पदकाचे नाव विचारावे. संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या संख्येला मिळाले. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार प्रत्यक्ष त्या-त्या आघाडीच्या भागातल्यांना मिळाले. १९६५ चे तेच: रक्षा मेडल व्यापक, समर सेवा स्टार आघाडीचा. रक्षा मेडलवाले आजोबा डेपोत रात्रंदिवस दारूगोळा चढवत असतील. त्यांच्याखाली खोटी आघाडी लिहिणे हा त्यांचाच अपमान. आणि आजोबांच्या डोक्यावर फिकट टोपी, मागे वाळू आणि खजूर असेल तर संयुक्त राष्ट्रांची निळी बेरे आठवावी. भारतीय पलटणी १९५६ ते १९६७ गाझात आणि १९६० नंतर काँगोत होत्या.

प्रत्येक खाकी फोटो लष्करातला नसतो, हेही सांगून टाकतो. स्टुडिओत भाड्याचा कोट आणि लाकडी बंदूक मिळे. शिवाय १९४७-४८ मध्ये सोलापूर-बार्शीकडच्या सरहद्द कॅम्पांत निजामाविरुद्ध लढलेल्या कार्यकर्त्यांचे बंदूक घेतलेले फोटो मराठवाड्यात आहेत. टोपीला बिल्ला नाही, खांद्यावर पलटणीचे नाव नाही आणि बाजूला धोतरातली माणसेही उभी आहेत, असा फोटो असेल तर आजोबा सैनिक होते की मुक्तिसंग्रामातले, हे आधी विचारावे. दोन्हींचे कागद वेगळ्या कचेऱ्यांत असतात.

आठवणी काढून घेण्याची एक रीत आहे. 'कोणत्या साली?' असे विचारले की आजी गप्प होते, किंवा विचारणाऱ्याला बरे वाटेल ते साल सांगते. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर, रझाकाराच्या गडबडीत ते गावात होते का, थोरली लेक रांगत होती का पाळण्यात, असे विचारावे. मनिऑर्डर कुठून येई, पत्रावर काय पत्ता घालत, हे बायकांना पक्के आठवते, कारण पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे आणि पत्ता तोंडपाठ असे. 'मार्फत ९९ एपीओ' (एपीओ हे लष्करी टपाल कार्यालय) म्हणजे साधारण पूर्वेकडचा भाग, '५६ एपीओ' म्हणजे पश्चिम आणि उत्तरेकडचा. 'बसऱ्याला होते' हे दोन्ही महायुद्धांत खरे असू शकते: १९१४ नंतरचे मेसोपोटेमिया आणि १९४१ नंतरचा इराक. जन्मसालाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणतेही एक धरू नये. 'दोनदा मिलिट्रीत गेले' ही तर खूप ऐकायला मिळणारी गोष्ट. त्या काळी अनेकांना काही वर्षे पलटणीत आणि पुढे काही वर्षे रिझर्व्हमध्ये राहावे लागे. लढाई लागली की बोलावणे येई. त्यांची भरती एकच असते, ती दोनदा लिहू नये. ऐकलेले आणि कागदावर पाहिलेले वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहावे, आणि कोणी सांगितले, कधी सांगितले हे शेजारी टाकावे.

नंबर कुठेच सापडत नसेल तर ट्रंक पाहावी. काळ्या लोखंडी पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव लिहिलेले असते. वरून निळा ऑइलपेंट मारला असेल तरी आडव्या टॉर्चमध्ये अक्षरांची कड दिसते. पाण्याचा मग, थाळी, घोंगडी यांवर नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले किंवा शिवलेले असतात. नंबराच्या शेवटी इंग्रजी अक्षर असेल तर तेही उतरून घ्यावे, तो नंबराचाच भाग आहे.

एवढे हाती आल्यावर अभिलेख कार्यालयाला पत्र. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, सिग्नलचे जबलपूरला, ईएमईचे (लष्कराच्या वीज व यंत्र अभियंता दलाचे) सिकंदराबादला, मेडिकल कोअरचे लखनौला. पत्रासोबत डिस्चार्ज बुकाच्या किंवा पीपीओच्या (पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या) पहिल्या पानाची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, नाते दाखवणारा कागद आणि पत्ता लिहिलेले तिकीट लावलेले पाकीट जोडावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवले तर बरे. इथे एक नियम माहीत नसल्यामुळे लोक निराश होऊन थांबतात. पेन्शन न घेतलेल्या जवानाचा शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीचा तपशीलवार कागद, सेवा संपल्यावर २५ वर्षांनी नष्ट केला जातो. दुसरे महायुद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या आजोबांचा कागद म्हणूनच नसतो. पण लाँग रोल, म्हणजे सर्वांच्या थोडक्यात नोंदींची वही, कायम ठेवतात, आणि त्यात नाव, नंबर, भरती आणि सुटकेची तारीख असते. 'कागदपत्रे नष्ट' असे उत्तर आले की 'लाँग रोलमधील नोंद कळवावी' असे दुसरे पत्र घालावे. तेही अडले तर दहा रुपये शुल्काचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. अर्जात नावाची दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगे द्यावीत. भरतीच्या कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले असते.

परत न आलेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन काळांतले मृत त्यात आहेत. हिंदू सैनिकाच्या नावाचे थडगे शोधू नये. दहन झालेल्यांची आणि देह न सापडलेल्यांची नावे इटलीत फोर्ली आणि सांग्रो नदी, ब्रह्मदेशात तौक्यान, मणिपुरात इंफाळ अशा ठिकाणच्या स्मारकांवर आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात आहेत.

फोटो जपण्याबद्दल सांगायचे ते मुख्यतः काय करू नये हेच. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वाफ देऊ नका, सुरी घालू नका. वरचा थर जिलेटिनचा असतो आणि तो काचेवरच राहतो. चेहरा काचेवर आणि कागद हातात, अशी गत होते. काचेसकट स्कॅन करा. डिस्चार्ज सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका. गरम प्लास्टिक कागदात शिरले की परत निघत नाही, आणि जुनी शाई आत फिकी होतच राहते. सेलोटेप नको, डांबराच्या गोळ्या नकोत, फोटोला टेकून कडुलिंबाचा पाला तर नकोच, त्याचा ओलावा लागतो. गंध-कुंकू काचेला लावले तर हरकत नाही. फ्रेम काढून ठेवलेल्या उघड्या फोटोला लावले तर तो डाग कायमचा. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते तिच्यावर फ्रेम टांगू नये, आणि पत्र्याखालच्या माळ्यावरही ठेवू नये. मे महिन्यात तिथे जिलेटिन वाळून तडकते. खळ न लावलेल्या, चांगल्या धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, आडवा ठेवून, जमिनीपासून उंच लोखंडी कपाटात ठेवला तर वाळवी आणि कसर दोन्हींपासून बऱ्यापैकी सुटका होते. पाठीवर लिहायचेच तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटते.

पुराच्या पाण्यात भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत बुडवून ठेवले तर साधारण दोन दिवसांची सवड मिळते. त्या वेळात एकेक आपोआप सुटेल तसा वेगळा करावा आणि चेहरा वर ठेवून सावलीत कापडावर वाळवावा. उन्हात घातला की गुंडाळी होते. फार असतील तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवावेत, फुरसतीने काढता येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी-सास्तूर पट्ट्यातल्या कित्येक माळवदांखाली अशा पेट्या गेल्या. तिथल्या कुटुंबांकडे मूळ फोटो नसेल तर आजोबांच्या पलटणीतल्या साथीदारांच्या घरचे ग्रुप फोटो आणि वर सांगितलेला लाँग रोल हेच दोन रस्ते आहेत.

स्कॅन करताना पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय, पासपोर्टसारख्या छोट्याला १२००, आणि काळा-पांढरा फोटो असला तरी रंगीत स्कॅन, म्हणजे डाग आणि शाई वेगळी कळते. फाइल टिफ प्रकारात ठेवावी. पोस्टकार्ड आकाराची एक फाइल साधारण २० एमबी होते, तेवढी होऊ द्यावी. पुढची बाजू आणि पाठ यांना एकच नाव देऊन शेवटी 'पुढे', 'मागे' लिहावे. मोबाइलनेच काढायचा तर दाराच्या सावलीत, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला समांतर. काच असेल तर मोबाइलमागे काळे कापड धरावे, म्हणजे स्वतःचे प्रतिबिंब येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला की तो दाबून बारीक होतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

सध्या आणखी एक साथ आहे. जुना फोटो एआयच्या अ‍ॅपमध्ये टाकून रंगीत आणि 'स्पष्ट' करून घेतात आणि तोच सगळीकडे फिरतो. अ‍ॅपला बिल्ला वाचता येत नाही. तो एक गोल चकाकता तुकडा बसवतो, फितींना मनाचे रंग देतो आणि डोळे-नाक कोणा परक्याचे लावतो. नातवाला तो आवडेल, पण त्यावरून पलटण ओळखता येणार नाही. आपल्या पुरवणीने असे फोटो घेऊ नयेत, अशी आमची स्पष्ट विनंती आहे. घेतलेच तर मूळ फोटो शेजारी छापावा.

आवाहनात आपण पुढील गोष्टी वाढवाव्यात: फोटोची पाठ, पलटण आणि नंबर, भरती व निवृत्तीचे साल, त्या काळचा तालुका-जिल्हा, फोटो कुठे काढला, आणि ही माहिती कोणी दिली. जे माहीत नाही तिथे वाचकाने रकाना मोकळा ठेवावा, 'अंदाजे' असेल तर तसे लिहावे, आणि आपणही ते छापताना 'अंदाजे' गाळू नये. नंबर छापायला हरकत नाही. पीपीओ क्रमांक, बँक खाते आणि आधार दिसणारी पाने मात्र वाचकांनी पाठवू नयेत व आपण छापू नयेत, कुटुंबपेन्शन घेणाऱ्या आजींच्या खात्यावर डोळा ठेवणारे लोक असतात. ग्रुप फोटो असेल तर एकच चेहरा कापून न घेता पूर्ण छापावा. त्यातला दुसरा कोणी परंड्याच्या किंवा किनवटच्या घरात ओळखला जाईल, आणि कदाचित त्या घरात नावांची पट्टी शाबूत असेल. मूळ फोटो टपालाने मागवू नयेत. कोणी आणून दिलेच तर पोच द्यावी आणि पाठीवर कार्यालयाचा शिक्का मारू नये.

कळावे,

जुने फोटो व लष्करी कागद यांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक,
अंबाजोगाई (जि. बीड)